मुतखडा : टोमॅटोला शिक्षा, मिठाला माफी

घरात कुणाला मुतखडा झाल्याचं कळलं, की सोनोग्राफीचा रिपोर्ट घरी पोचायच्या आधीच टोमॅटो घराबाहेर जातो. त्याच्या मागोमाग वांगी, कोबी, फ्लॉवर, पालक, पेरू, चिकू यांचा नंबर लागतो. मग शेजारच्या काकू सांगतात, "अहो, दूध आधी बंद करा, खडा कॅल्शियमचाच तर असतो." झालं! दूध गेलं, दही गेलं, ताकही गेलं. मग ताटात उरतं काय? पोळी, आमटी, भात, बटाट्याची भाजी. आणि असलं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून डाव्या बाजूला लोणचं, तळलेला पापड आणि चमचाभर ठेचा.

हा लेख या ताटाविरुद्ध आहे.

मी स्पष्टच लिहितो. मुतखड्याचं पथ्य म्हणून आपल्याकडे घरोघरी, दवाखान्यातल्या झेरॉक्सवर आणि आता व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी बहुतांशी चुकीची आहे. तिने हाकललेले बहुतेक पदार्थ निरपराध आहेत. खरा अपराधी मीठ, आणि त्याच्याबद्दल तिच्यात एक ओळही नसते. आणि दूध-दही बंद करायला सांगून ती तुमचा पुढचा खडा जवळ आणते. मुतखडा एकदा झाला की पुढच्या पाच-दहा वर्षांत पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे चुकीचं पथ्य पाळण्याची किंमत कळा देऊन आणि कधी कधी ऑपरेशनचं बिल भरून चुकवावी लागते.

खडा तयार होतो तरी कसा?

खडीसाखर कशी करतात ते आठवा. गरम पाण्यात भरपूर साखर विरघळवायची, त्यात दोरा सोडायचा आणि पाक निवत ठेवायचा. पाण्याला पेलवेनाशी झालेली साखर हळूहळू दोऱ्यावर धरते आणि खडे तयार होतात. मूत्रपिंडात याहून फार वेगळं काही घडत नाही. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड असे पदार्थ विरघळलेले असतात. पाणी कमी पडलं किंवा हे पदार्थ जास्त झाले, की ते विरघळलेले राहू शकत नाहीत. त्यांचे बारीक स्फटिक होतात, ते एकमेकांना चिकटतात आणि खडा मोठा होत जातो.

लघवीत आपला एक रखवालदारही असतो. त्याचं नाव सायट्रेट. तो कॅल्शियमला धरून ठेवतो आणि स्फटिक होऊ देत नाही. लिंबू, संत्री, मोसंबी आणि एकूणच फळं-भाज्या खाल्ल्याने लघवीतलं सायट्रेट वाढतं. मांसाहार जास्त आणि भाज्या कमी असतील तर ते घटतं.

म्हणजे कुठल्याही पथ्याला चारच प्रश्न विचारायचे. याने लघवी वाढते का? लघवीतलं कॅल्शियम कमी होतं का? ऑक्झलेट आणि युरिक ॲसिड कमी होतं का? सायट्रेट वाढतं का? आता घरातल्या यादीची या चार प्रश्नांवर परीक्षा घेऊ.

टोमॅटोचा गुन्हा काय?

टोमॅटोवर दोन आरोप आहेत. पहिला म्हणजे त्याच्या बिया मूत्रपिंडात जाऊन बसतात आणि त्यांचा खडा होतो. हाच आरोप वांग्यावर आणि पेरूवरही आहे. बी पोटातून आतड्यात जाते आणि शौचावाटे बाहेर पडते. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जायला तिला रस्ताच नाही. मूत्रपिंडात पोचतात ते रक्तात विरघळलेले पदार्थ. त्यामुळे हा आरोप इथेच निकालात निघतो.

दुसरा आरोप ऑक्झलेटचा. तो ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून आकडे पाहू. शंभर ग्रॅम पालकात काही शे मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. तेवढ्याच टोमॅटोत ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. रोजच्या आमटीत एक टोमॅटो पडला म्हणून कुणाला खडा होत नाही. कोबी आणि फ्लॉवर यांच्यातही ऑक्झलेट कमीच असतं. तरी वर्षानुवर्षं या भाज्या यादीत ठाण मांडून बसल्या आहेत.

ऑक्झलेट खरोखर भरपूर असलेले पदार्थ मोजकेच आहेत. पालक, अळूची पानं, चुका, राजगिऱ्याचा पाला, बीट, बदाम, काजू. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पुन्हा पुन्हा होतात त्यांनी हे बेताने खावेत. पालेभाजी उकडून पाणी फेकून दिलं तरी बरंच ऑक्झलेट त्या पाण्याबरोबर जातं. यापलीकडे सगळ्या मंडईवर बहिष्कार टाकायचं कारण नाही. उलट तसा बहिष्कार टाकला की आपला रखवालदार, म्हणजे सायट्रेट, उपाशी राहतो. यादीतली बहुतेक नावं भाज्या आणि फळांची आहेत. खड्याला अडवणारं अन्नच आपण खड्याच्या नावाने सोडून देतो!

दूध बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक

"खडा कॅल्शियमचा, दुधात कॅल्शियम, म्हणून दूध बंद." हे वाक्य इतकं सरळ आहे की खरं वाटतं. एके काळी डॉक्टरही हेच सांगत. पण शरीराचा हिशेब इतका सरळ नसतो.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. म्हणजे खडा व्हायला दोघं लागतात. जेवणातलं ऑक्झलेट आतड्यात उतरतं तेव्हा तिथे दूध-दह्यातलं कॅल्शियम हजर असेल, तर दोघांची जोडी आतड्यातच जमते आणि शौचावाटे निघून जाते. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकाट सुटतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात पोचतं. तिथे मात्र त्याला कॅल्शियम भेटतंच, कारण लघवीत थोडं कॅल्शियम नेहमी असतं. म्हणजे दूध बंद करून आपण ती भेट आतड्यातून हलवून मूत्रपिंडात घडवून आणतो.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी पंचेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहारात कॅल्शियम सर्वांत जास्त घेणाऱ्यांना खडे जास्त होतील असं सगळ्यांना वाटत होतं. निघालं उलटंच. सर्वांत कमी कॅल्शियम खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. १९९७ साली नव्वद हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातही अन्नातल्या कॅल्शियमबद्दल हेच दिसलं.

तरी कुणी म्हणेल, ही तर नुसती निरीक्षणं झाली. मग २००२ सालचा इटलीतला प्रयोग पाहा. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पुन्हा पुन्हा होत होते आणि ज्यांच्या लघवीत कॅल्शियम आधीच जास्त होतं, असे १२० पुरुष घेतले. म्हणजे "दूध बंद" हा सल्ला सर्वांत आधी ज्यांना मिळाला असता, नेमके तेच. साठ जणांना दूध-दही कमी केलेला आहार दिला. उरलेल्या साठ जणांना कॅल्शियम नेहमीइतकंच, पण मीठ आणि मांसाहार कमी असा आहार दिला. पाच वर्षांनी पाहिलं, तर दूध कमी केलेल्यांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला होता. दुसऱ्या गटात १२ जणांना. जवळपास निम्मे!

या प्रयोगाला आता वीस वर्षांहून जास्त काळ झाला. तरी "दूध बंद"ची झेरॉक्स अजून निघते आहे. माझ्या व्यवसायबंधूंनाही मी हे जाहीरपणे सांगतो : दवाखान्यातल्या ड्रॉवरमध्ये ती यादी असेल तर कृपा करून फाडून टाका.

दूध बंद करण्याचा दुसरा तोटा हाडांना होतो. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपल्याकडे पाळी गेलेल्या कितीतरी बायका मुळातच त्याच्या निम्म्यावर भागवत असतात. त्यांचं वाटीभर दही आणि पेलाभर ताकही काढून घेतलं तर खडा टळत नाहीच, आणि हाडं मात्र ठिसूळ होतात.

मग कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ का? इथे जरा थांबा. १९९७ च्या त्याच अभ्यासात गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये खड्याचा धोका थोडा वाढलेला दिसला. बऱ्याच जणी गोळी जेवणाशिवाय घेतात, तेव्हा आतड्यात पकडायला ऑक्झलेट नसतं आणि कॅल्शियम सरळ लघवीत उतरतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर मनाने बंद करू नका. ती जेवणाबरोबर घ्यायची का, हे त्यांनाच विचारा. ज्यांना गोळीची गरज नाही त्यांच्यासाठी दही-ताक उत्तम.

आपल्या आज्यांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या पालक ताकात शिजवत. ताकातल्या पालकात ताकाचं कॅल्शियम पालकाच्या ऑक्झलेटला पातेल्यातच गाठतं. पालक बंद आणि ताकही बंद, असं सांगणाऱ्या यादीपेक्षा ही पाककृती शहाणी आहे.

आता खऱ्या आरोपीकडे वळू

मूत्रपिंडाला जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं असतं. मिठातलं सोडियम लघवीत जाताना एकटं जात नाही, कॅल्शियमलाही हाताला धरून नेतं. मीठ सुमारे सहा ग्रॅमने वाढलं तर लघवीतलं कॅल्शियम साधारण तीस-चाळीस मिलिग्रॅमने वाढतं. दिवसभरात लघवीतून एकूण कॅल्शियम जातं ते साधारण दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात ही भर पडते, तीही रोज, वर्षानुवर्षं. आणि हे कॅल्शियम शेवटी हाडांच्या खात्यातून जातं.

म्हणजे लघवीतलं कॅल्शियम कमी करायचं असेल तर दुधाचा पेला खाली ठेवून उपयोग नाही, मिठाची बरणी दूर ठेवायला हवी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं. आपण भारतीय सरासरी याहून बरंच जास्त मीठ खातो.

"पण डॉक्टर, आमच्या घरी भाजीत मीठ बेतानेच असतं." असेल. पण भाजीतलं मीठ फक्त अर्धी गोष्ट सांगतं. सकाळी चहाबरोबर खारी किंवा बिस्किटं. दहा वाजता वडापाव, त्यात पावातलं मीठ, वड्यातलं मीठ आणि वर लसणाची चटणी. दुपारी जेवताना लोणच्याची फोड आणि पापड. चार वाजता फरसाण, शेव, चिवडा. रात्री मुलांबरोबर दोन घास इन्स्टंट नूडल्स. मांसाहारी घरात सुकट किंवा खारा बोंबील. शिवाय जेवायला बसल्यावर चव न घेताच ताटात डावीकडे वाढलेलं मीठ. आता मोजा, चमचा कितीदा भरला.

सैंधव खातो म्हणून सुटलो असं समजू नका. सैंधव आणि काळं मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रंग बदलल्याने मूत्रपिंड फसत नाही.

एवढं असून पथ्याच्या यादीत मीठ का नसतं? मला वाटतं, कारण टोमॅटो सोडणं सोपं आहे आणि लोणचं सोडणं कठीण. टोमॅटोच्या बाजूने कुणी भांडत नाही. फरसाणाच्या पुड्याला "हे पथ्यात बसत नाही" म्हणून पाहा, घरात लगेच वाद होईल. पण जे पथ्य आपल्या आवडीला हात लावत नाही, ते आजारालाही हात लावत नाही.

मांसाहाराबद्दलही दोन शब्द. मटण, चिकन, मासे रोज आणि भरपूर खाल्ले तर लघवी आम्लधर्मी होते, युरिक ॲसिड वाढतं आणि सायट्रेट घटतं. आठवड्यातून एक-दोनदा, बेताचं खाणाऱ्याने घाबरू नये. ज्यांचा खडा युरिक ॲसिडचा आहे त्यांनी मात्र कलेजी, भेजा आणि सुकी मासळी याबाबत खरोखर आवर घालावा. वाटीभर तूरडाळीच्या आमटीला मात्र या पंगतीत बसवू नका.

पाणी : ग्लास मोजू नका, लघवी मोजा

"भरपूर पाणी प्या" हे सगळेच सांगतात आणि म्हणूनच कुणी ऐकत नाही. भरपूर म्हणजे किती? नागपुरात मे महिन्यात बांधकामावर असणाऱ्याचं भरपूर आणि पुण्यात एसीमध्ये बसणाऱ्याचं भरपूर सारखं कसं असेल? म्हणून नियम पाण्याचा न करता लघवीचा करा. खडा होऊन गेलेल्या माणसाला दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. त्यासाठी किती पाणी लागेल ते तुमचा घाम ठरवेल.

हे घरी मोजता येतं. सुट्टीच्या दिवशी सकाळची पहिली लघवी सोडून द्या. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीसकट, मापाच्या भांड्यात मोजून आकडा लिहून ठेवा. बेरीज दीड लिटरच्या आत आली, तर तुमचं "मी खूप पाणी पितो" खोटं ठरलं. रोजच्यासाठी रंग पाहा. लघवी फिकट असावी, गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. रात्री झोपताना एक पेला पाणी प्या, कारण रात्रभर लघवी सर्वांत घट्ट होते.

याचा पुरावाही इटलीतूनच आला आहे. पहिला खडा झालेल्या सुमारे दोनशे लोकांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. पाणी वाढवून दिवसाला दोन लिटरहून जास्त लघवी होईल असं पाहणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. बाकीच्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. या उपायाला औषधाच्या दुकानात जावं लागत नाही.

"आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्याने खडे होतात," हे मराठवाड्यात, नगर-सोलापूर भागात नेहमी ऐकू येतं. पाण्याच्या जडपणाचा आणि मुतखड्याचा ठोस संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि तेही आतड्यात ऑक्झलेटला पकडू शकतं. पाणी इतर कारणांसाठी जरूर तपासून घ्या. पण पाणी खारं लागतं म्हणून कमी पिणं, हे जड पाण्यापेक्षा नक्कीच जास्त वाईट. कोल्ड्रिंक आणि गोड सरबतं मात्र पाण्यात धरू नका. साखरेची पेयं रोज पिणाऱ्यांत खडे जास्त दिसले आहेत.

आता जे कुठल्याच पथ्याच्या कागदावर नसतं ते सांगतो. आपल्याकडे हजारो माणसं, विशेषतः बायका, ठरवून तहान मारतात. एसटीची कंडक्टर, बंदोबस्तावरची पोलीस, मंडईत भाजी विकणारी, ऊसतोडीला गेलेली मजूर, खेड्यातली शिक्षिका, शाळेतली आठवीतली मुलगी. पाणी प्यायलं तर लघवीला जावं लागेल, आणि जायला जागा नाही, किंवा आहे ती पाय ठेवण्यासारखी नाही. म्हणून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घोटभर पाण्यावर काढायचे. मुंबईत याच प्रश्नावर 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली, तेव्हा अनेकांनी नाव ऐकून हसण्यावारी नेलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. लघवीचा संसर्ग आणि मुतखडा या दोन्हींचा रस्ता त्या कोरड्या दहा तासांतून जातो. अशा बाईला "टोमॅटो सोड" म्हणून सांगणं म्हणजे तिची थट्टा आहे. तिला टोमॅटोचं पथ्य नको, दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं.

तुम्ही मुख्याध्यापक असाल, दुकानाचे मालक असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल, तर हे पथ्य तुमच्यासाठी आहे. केरळमधल्या काही शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी प्यायची आठवण देणारी वेगळी घंटा सुरू केली. घंटा सोपी आहे. घंटेनंतर मुलींना जाता येईल अशी जागा हवी. तुमच्या शाळेत, दुकानात, कार्यालयात ती आहे का?

"नैसर्गिक" उपायांची दुसरी यादी

बंदीच्या यादीची एक जुळी बहीण आहे, ती म्हणजे उपायांची यादी. तिच्यात बिअर सर्वांत वर असते. बिअरने लघवी होते, पण दारू नंतर शरीर कोरडं पाडते आणि बिअरने युरिक ॲसिडही वाढतं. बिअर पिणाऱ्यांत खडे कमी दिसल्याची काही निरीक्षणं आहेत, हे मला माहीत आहे. तेवढ्यावरून दारू औषध ठरत नाही. मूत्रनलिकेत अडकलेल्या खड्याला ती ढकलूनही काढत नाही.

कुळथाचं कढण आवडत असेल तर जरूर प्या, मीठ बेताचं टाका. पातळ पदार्थ पोटात जातो, हा फायदाच. पण कुळथाने किंवा पानफुटीच्या पानांनी कॅल्शियमचा खडा विरघळतो याला भक्कम पुरावा नाही. खरं तर कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा विरघळवणारं औषध आधुनिक वैद्यकातही नाही. युरिक ॲसिडचा खडा मात्र लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतो.

सकाळी उपाशीपोटी पालक, बीट आणि बदाम घालून केलेला हिरवा ज्यूस ही नवी फॅशन आहे. तब्येतीच्या नावाखाली एका पेल्यात ऑक्झलेटचे तीन मोठे साठे एकत्र, आणि सोबतीला दही-ताक नाही. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की त्यातलं काही शरीरात ऑक्झलेटच होतं. लिंबू पिळलेलं साधं पाणी यापेक्षा स्वस्त आणि बरं. त्यात साखर-मीठ मात्र चवीपुरतंच.

उपवासाबद्दलही सांगायला हवं. राजगिरा, रताळं, शेंगदाणे, वर खारे वेफर्स, आणि दिवसभर पाणी कमी. खडा होऊन गेलेल्याला हा बेत जड जातो. उपवास करायचा असेल तर दही-ताक आणि पाणी यांच्यासह करा. निर्जळी उपवास टाळा. कुठलाही देव तुमच्या मूत्रपिंडाकडून हे मागत नसावा.

"पण मी टोमॅटो सोडला आणि खडा पडला!"

हे मला प्रत्येक आठवड्याला कुणीतरी सांगतं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पडतात. त्या दिवसांत तुम्ही टोमॅटो सोडला असेल, पानफुटी चावली असेल किंवा नुसती पेपरची कोडी सोडवली असतील, श्रेय त्याला मिळतं.

यात एक धोका आहे. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडलाच असं नाही. अडकलेला खडा कधी कधी दुखायचा थांबतो, पण मागच्या मूत्रपिंडावरचा दाब तसाच राहतो आणि ते आतल्या आत निकामी होत जातं. म्हणून कळ थांबली तरी पुन्हा सोनोग्राफी करून खडा गेल्याची खात्री करा. कळेबरोबर ताप किंवा थंडी वाजणं, लघवी बंद होणं, न थांबणाऱ्या उलट्या, एकच मूत्रपिंड असणं किंवा गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायात एक तासही घालवू नका, लगेच रुग्णालय गाठा.

मग करायचं काय?

पडलेला किंवा काढलेला खडा फेकू नका. तो कशाचा आहे ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. खडे वारंवार होत असतील तर डॉक्टरांना चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीबद्दल विचारा. कॅल्शियम ऑक्झलेट, युरिक ॲसिड आणि जंतुसंसर्गाने होणारा खडा यांची पथ्यं वेगळी असतात. सगळ्यांना एकच झेरॉक्स चालत नाही.

तोवर बहुतेकांसाठी पुरेल असं पथ्य सहा ओळींत मावतं. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. मीठ निम्म्यावर आणा, सुरुवात लोणचं, पापड आणि फरसाणापासून करा. जेवणाबरोबर दूध, दही किंवा ताक रोज घ्या. भाज्या आणि फळं मनसोक्त खा, लिंबू पिळा. पालक-अळू बेताने, तेही ताक-दह्याबरोबर. मांसाहार आटोक्यात ठेवा.

एक सूचना महत्त्वाची. ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, जे डायलिसिसवर आहेत किंवा ज्यांना हृदय कमकुवत असल्याने पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी या लेखावरून पाणी किंवा आहार बदलू नये. तुमचं माप तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आणि पुढच्या वेळी कुणी पथ्याची यादी हातात ठेवली, मग तो शेजारी असो, नातेवाईक असो किंवा डॉक्टर असो, तर त्याला दोन प्रश्न नक्की विचारा : "यात मीठ कुठे आहे? आणि दूध का बंद?" उत्तर मिळालं नाही, तर यादी परत करा आणि आमटीत टोमॅटो घाला.